तुऱ्यांचा आकार आधी मांडा

2025 च्या जून महिन्यात युरोपीय अवकाश संस्थेने सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची चित्रे जाहीर केली. तिचे सोलर ऑर्बायटर हे यान मार्चमध्ये सूर्याच्या विषुववृत्ताच्या 17 अंश खाली उतरले होते आणि तिथून त्याने ध्रुवाकडे कॅमेरे रोखले होते. एवढ्या कलातून सूर्याचा ध्रुव पाहणारा कॅमेरा त्याआधी नव्हता. पृथ्वीची कक्षा सूर्याच्या विषुववृत्ताशी जेमतेम सव्वासात अंशांचा कोन करते. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला दक्षिण ध्रुव आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तर ध्रुव आपल्याकडे किंचित झुकतो, एवढाच आपला लाभ. एरवी ध्रुव म्हणजे बिंबाची वरची किंवा खालची कड. युलिसिस हे यान 1994 आणि 1995 साली दोन्ही ध्रुवांवरून गेले खरे, पण त्याच्यावर सूर्याचे चित्र घेणारा कॅमेराच नव्हता. त्याने सौरवारा मोजला, चुंबकीय क्षेत्र मोजले आणि ते पुढे गेले.

या नव्या चित्रांचे जगभर कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण ती घेतली तो काळ सौरचक्राच्या ऐन भराचा होता. अशा काळात ध्रुवांवरचे चुंबकीय क्षेत्र विस्कटलेले असते, उत्तर-दक्षिणेची अदलाबदल चाललेली असते आणि ध्रुवांची जी खरी खूण, म्हणजे तिथल्या उजळ तुऱ्यांचा झुबका, ती जवळजवळ पुसलेली असते. तुरे भरात असताना ध्रुव वरून पाहण्याची संधी अजून यायची आहे. ती येण्याआधी एक काम करून ठेवायला हवे, आणि आज ते कुणाच्या अग्रक्रमावर दिसत नाही, म्हणून हे स्फुट.

सौरडाग कमी असतात त्या वर्षांत खग्रास ग्रहण लागले, तर सूर्याचे प्रभामंडळ एका ठरावीक रूपात दिसते. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना लांबच लांब निमुळते पट्टे, आणि दोन्ही ध्रुवांवर बारीक उजळ शलाका. मधल्या शलाका ताठ, कडेच्या बाहेर कललेल्या. शास्त्रज्ञ त्यांना प्लूम म्हणतात, आपण तुरे म्हणू. आपल्याकडे 24 ऑक्टोबर 1995 ला राजस्थानपासून बंगालपर्यंत जे खग्रास ग्रहण दिसले, ते असेच डाग ओसरल्याच्या काळातले होते. त्या मिनिटभराच्या अंधारात ज्यांनी वर पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे हे तुरे होते.

तुरा बुडापासून थोड्या उंचीवर सुमारे तीस हजार किलोमीटर रुंद असतो, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक. तापमान दहा लाख अंशांच्या आसपास; भोवतालच्या प्रभामंडळाहून ते थोडे कमीच असते. घनता मात्र भोवतालच्या तीन ते पाच पट, आणि तुरा उजळ दिसतो तो या घनतेमुळे. त्याचे आयुष्य काही तासांपासून काही दिवसांपर्यंत. मावळलेला तुरा पुष्कळदा त्याच जागी पुन्हा उगवतो. सोहो यानाच्या करोनाग्राफवरून क्रेग डिफॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुऱ्यांचा माग सूर्याच्या त्रिज्येच्या तीस पट अंतरापर्यंत काढला. हे तुरे उभे असतात ते प्रभामंडळातल्या विवरांत. तिथल्या चुंबकीय रेषा परत सूर्याकडे वळत नाहीत, अवकाशात उघड्या सुटतात. सेकंदाला साडेसातशे किलोमीटरच्या आसपास वेगाने वाहणारा सौरवारा याच विवरांतून निघतो, हे युलिसिसने ध्रुवांवरून जाताना स्वतः अनुभवले.

आता आकाराकडे. 29 जुलै 1878 चे ग्रहण अमेरिकेच्या पश्चिम भागातून पाहिले गेले. सूर्य त्या वर्षी अतिशय शांत होता आणि ध्रुवांवरच्या शलाका ठळक उमटल्या होत्या. लोहचुंबकाच्या टोकापाशी लोखंडाचा कीस जसा उभा राहतो, तशी ती रचना होती. साम्य डोळ्यांना पटले, पण साम्य म्हणजे ज्ञान होत नाही. फ्रँक बिगेलो या अमेरिकन गणितज्ञाने पुढचे पाऊल टाकले. या शलाका म्हणजे एखाद्या गोलातून निघणाऱ्या बलरेषा आहेत असे धरून त्याने त्यांचे समीकरण मांडले आणि ग्रहणाच्या छायाचित्रांवर ताडून पाहिले. स्मिथसोनियन संस्थेने त्याचा हा निबंध 1889 साली छापला. सूर्यावर चुंबकीय क्षेत्र आहे याचा पहिला पुरावा जॉर्ज हेल यांना मिळाला 1908 साली, तोही फक्त डागांमध्ये. ध्रुवांवरचे क्षीण क्षेत्र हॅरोल्ड आणि होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी मोजून प्रसिद्ध केले 1955 साली. यंत्राने ध्रुवाचे क्षेत्र मोजण्याच्या सहा दशके आधी आकाराने त्याची वर्दी दिली होती, आणि ती ऐकू आली ती आकार आकड्यांत मांडणाऱ्याला.

याच काळातले 22 जानेवारी 1898 चे खग्रास ग्रहण महाराष्ट्रातून गेले. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकयर, विदर्भातल्या तळणीला मौंडर दांपत्य, सोलापूरच्या रेल्वेवरच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कँबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नेगामवाला असे तळ पडले होते. नेगामवालांनी जेऊरच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल पुढे छापला. ॲनी मौंडर यांनी तळणीहून सूर्याच्या त्रिज्येच्या कितीतरी पट लांब गेलेली एक शलाका काचेवर पकडली. त्या काळच्या छायाचित्रणाच्या मानाने ही मोठीच कामगिरी होती. आपल्या शाळांत या ग्रहणाची आठवण निघते तेव्हा ती दुर्बिणी, साहेब आणि हेलियम यांच्या कथांपाशी थांबते. त्या काचांवरच्या रेषांचे पुढे काय केले गेले, हे सांगितले जात नाही. मला ती उणीव मोठी वाटते, कारण निरीक्षणाचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते.

अशा रेषांचे काय करतात, ते एका उदाहरणाने पाहू. तुऱ्यांच्या रेषा मागे, सूर्याच्या आत, सरळ वाढवत न्या. त्या कुठे मिळतील? नुसत्या त्रिज्येने निघाल्या असत्या तर केंद्रात मिळाल्या असत्या. तशा त्या मिळत नाहीत. सूर्य म्हणजे साधा द्विध्रुवी चुंबक आहे असे धरले, तर ध्रुवाजवळच्या रेषा केंद्रापासून त्रिज्येच्या एक तृतीयांश अंतरावर मिळायला हव्यात. बारावीच्या पुस्तकातले द्विध्रुवाचे सूत्र घेतले तर हे कागदावर चार ओळींत निघते, आणि ते प्रत्येक मुलाने एकदा काढून पाहावे असे आहे. प्रत्यक्ष ग्रहणचित्रांत मात्र हा बिंदू त्याहूनही पृष्ठभागाकडे सरकलेला सापडतो. म्हणजे तुरे साध्या चुंबकाच्या रेषांपेक्षा जास्त फाकतात.

किती जास्त? केंद्रापासून तीन त्रिज्यांवर गेल्यावर, सरळ रेषांनी वाढणाऱ्या कोणत्याही जुडग्याचे क्षेत्रफळ नऊपट होते. द्विध्रुवाच्या हिशेबाने, ध्रुवाच्या अक्षाजवळ, ते सत्तावीस पट होईल. स्कायलॅबवरून घेतलेल्या निरीक्षणांतून मनरो आणि जॅक्सन यांनी 1977 साली ध्रुवावरच्या संपूर्ण विवराचा पसारा मोजला. तो निघाला नऊपटीच्या आणखी सुमारे सातपट, म्हणजे साठीच्या पुढे. साध्या चुंबकाचे प्रतिमान इथे हरले, आणि ते हरले म्हणूनच पुढचा प्रश्न नीट विचारता आला. सूर्याच्या पृष्ठभागावरचे वाहणे चुंबकीय क्षेत्र ध्रुवांच्या टोपीत गोळा करते, त्यामुळे रेषा तिथे दाटीने उभ्या असतात. बाजूंना विषुववृत्तीय पट्ट्यांची बंद कमानींची भिंत असते. पण या कमानी दोन-तीन त्रिज्यांपाशी संपतात. त्यापलीकडे अडवणारे कुणी उरत नाही आणि ध्रुवावरच्या रेषा मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. ध्रुवावरचा एक तुरा किती फाकला आहे, हे असे लाखो किलोमीटर दूरच्या शेजाऱ्यांवर ठरते.

बुडाशी गोष्ट वेगळी असते. तुऱ्याचा पाया अगदी लहान, दोन-तीन हजार किलोमीटरांचा. सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे तीस हजार किलोमीटर व्यासाच्या उकळत्या पेशी असतात. त्यांच्या मधून कडेकडे वाहणारा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राला पेशींच्या सीमांवर लोटतो आणि तिथे क्षेत्राचे एक जाळे तयार होते. तुऱ्याचे मूळ या जाळ्याच्या गाठीत असते. वर गेल्यावर वायूचा दाब झपाट्याने उतरतो, दाटलेल्या रेषा सुटतात आणि वीस-तीस हजार किलोमीटरांच्या उंचीत तुरा फुलून पेशीच्या मापाचा होतो. यापुढे काय? स्टीव्हन स्यूस यांनी 1998 साली दिलेले उत्तर मला या विषयातले सर्वांत सुंदर उत्तर वाटते. तुऱ्याच्या आत वायू जास्त आहे, म्हणून तो शेजाऱ्यांना रेटून जास्त पसरेल, असे आपल्याला सहज वाटते. पण प्रभामंडळाच्या त्या भागात चुंबकीय दाबापुढे वायूचा दाब नगण्य असतो. आतला जास्तीचा वायू रेषांना हलवूच शकत नाही. म्हणून बुडाचा फुलोरा संपला की तुरा आणि त्याच्या शेजारची काळोखी जागा अगदी एका प्रमाणात पसरत जातात. उजळ आणि काळोखे यांच्यात रेषांचा फरक नाही, भरलेल्या द्रव्याचा फरक आहे. हे एकदा कळले की तुरा म्हणजे वेगळी वस्तू उरत नाही. सगळीकडे पसरलेल्या चुंबकीय रानातला तो उजेड पडलेला भाग आहे.

यावर कुणी म्हणेल, आकार कळला, पुढे काय? पुढचे सगळे आकारावरच टांगलेले आहे. तुऱ्यातून वर जाणाऱ्या द्रव्याचा हिशेब सरळ आहे: घनता, वेग आणि छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार प्रत्येक उंचीवर तितकाच राहिला पाहिजे. घनता उजळपणावरून काढता येते. उरतात वेग आणि क्षेत्रफळ. क्षेत्रफळ दुपटीने चुकले, तर वेग दुपटीने चुकला. जलद सौरवारा तुऱ्यांतून येतो की तुऱ्यांच्या मधल्या काळोख्या जागेतून, हा वाद गेली कित्येक दशके चालू आहे. अतिनील वर्णपटांवरून काहींनी तुऱ्यांतला वेग मधल्या जागेपेक्षा कमी काढला. ॲलन गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली नेमके उलट प्रतिपादन केले की वाऱ्याचा मोठा वाटा तुऱ्यांचाच आहे. दोन्ही बाजूंची निरीक्षणे प्रामाणिक आहेत. फरक बऱ्याच अंशी दृष्टिरेषेवर काय आणि किती आहे याच्या गृहीतात आहे, म्हणजे पुन्हा आकारात.

तुऱ्यांत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने उजळपणाच्या लाटा वर सरकतात. सोहोच्या चित्रांत त्यांचा वेग सेकंदाला 75 ते 150 किलोमीटर दिसला. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत दीपंकर बॅनर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या हालचालींवर महत्त्वाचे काम केले आहे. ही खरी ध्वनीसारखी लाट आहे की वर फेकलेला वायू, हे ठरवायचे तर उंचीबरोबर ती किती मंदावते ते पाहावे लागते. मंदावण्यात एक भाग ऊर्जा खर्च होण्याचा, दुसरा भाग नळी रुंद होत गेल्याने पसरण्याचा. रुंदी माहीत नसेल तर हे दोन भाग वेगळे कसे करणार?

आणि हा फक्त अभ्यासकांचा प्रश्न राहिलेला नाही. वांग आणि शीली यांनी 1990 साली दाखवून दिले की ज्या चुंबकीय नळ्या जास्त पसरतात त्यांतून येणारा वारा मंद असतो, कमी पसरणाऱ्यांतून येणारा जलद. त्या नात्यावर उभे राहिलेले प्रतिमान आज अवकाश हवामानाच्या दैनंदिन अंदाजात वापरले जाते. उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणारे लोक सौरवाऱ्याच्या ज्या अंदाजाकडे पाहतात, त्याच्या मुळाशी नळी किती फाकली याचा एक आकडा असतो.

मग हा आकार सरळ चित्रावरून मोजून का घेत नाहीत? कारण चित्रात तो दिसत नाही. प्रभामंडळ पारदर्शक आहे. समोरचा तुरा, त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा, सगळ्यांचा उजेड एकाच ठिपक्यात जमा होतो. चित्रातली एक उजळ शलाका म्हणजे एकच जाड स्तंभ असेल, रांगेत आलेले चार बारीक तुरे असतील, किंवा कडेने पाहिलेला एक पातळ पडदाही असेल. पडद्याची शक्यता गॅब्रिएल यांनीच लावून धरली: जाळ्याच्या सीमेवर लहान लहान उद्रेक एका ओळीत होतात, आपली दृष्टी त्या ओळीच्या बाजूने गेली की उजेड साचून तुरा दिसतो, आणि सूर्य थोडा फिरला की तोच तुरा नाहीसा होतो. तुरा मावळला म्हणून आपण जे नोंदवतो, त्यातले काही मावळणे अशा वळण्याचे असू शकते. स्तंभ धरला तर तुऱ्याचे आयुष्य एक, पडदा धरला तर दुसरे; तसेच द्रव्यमानही वेगळे आणि वाऱ्याला जाणारा वाटाही वेगळा.

रुग्णालयात सीटी स्कॅन करतात तसे चहूबाजूंनी चित्रे घेऊन आतली रचना काढता येईल, असे वाटते. सूर्य स्वतःच फिरतो, तेव्हा चित्रे आपोआप मिळतील. पण ध्रुवाजवळ सूर्याला एक फेरी घ्यायला महिन्याहून जास्त काळ लागतो, निम्म्या फेरीलाही पंधरवडा उलटतो, आणि तुरा त्याआधीच विझलेला असतो. निकोला बार्बे आणि सहकाऱ्यांनी 2008 साली यातून वाट काढली: तुऱ्याची जागा आणि आकार कायम धरायचा, उजळपणा मात्र काळाबरोबर बदलू द्यायचा, आणि मग चित्रांशी मेळ बसेपर्यंत गणित फिरवायचे. स्टिरिओच्या जोडयानांनी दोन कोनांतून एकाच वेळी घेतलेल्या चित्रांवरून ली फेंग आणि सहकाऱ्यांनी 2009 साली काही तुऱ्यांची त्रिमितीय दिशा काढली. तिथेही ते द्विध्रुवाच्या रेषांपेक्षा अधिक आडवे कललेले आढळले. 2021 साली वादिम युरित्स्की आणि डिफॉरेस्ट यांनी सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीच्या चित्रांवर खास प्रक्रिया करून दाखवले की तुरा आतून एकसंध नसतो. सुमारे दहा हजार किलोमीटर रुंदीचे बारीक धागे त्यात असतात आणि तुऱ्याचा जवळजवळ सगळा उजेड त्यांचाच असतो. स्तंभ की पडदा या वादात आता धाग्यांचा तिसरा पर्याय उभा आहे.

इथे माझा मुद्दा येतो. ही सगळी प्रतिमाने आजवर चित्रे आल्यानंतर बसवली गेली. जे दिसले त्याला जुळेल असा आकार काढणे कष्टाचे आहे, उपयोगाचेही आहे. पण ज्यात दोन-तीन मोकळ्या राशी हव्या तशा फिरवता येतात, असे प्रतिमान एकाच बाजूच्या चित्राशी जुळले म्हणून त्याची परीक्षा झाली असे होत नाही. ध्रुवावरच्या तुऱ्यांसाठी खरी परीक्षा एकच: बाजूने पाहिलेल्या चित्रांवरून वरून काय दिसेल ते आधी लिहायचे, आणि मग वरून पाहायचे. स्तंभ असतील तर वरून गोल ठिपके दिसतील. पडदे असतील तर पेशींच्या सीमेने जाणाऱ्या वळणदार रेघा दिसतील. धागे असतील तर ठिपक्याच्या आत ठिपके. एवढा स्वच्छ निवाडा निसर्ग फार क्वचित देतो.

आधी लिहिण्याची ही रीत प्रभामंडळाच्या अभ्यासात अपरिचित नाही. 21 ऑगस्ट 2017 च्या अमेरिकेतल्या खग्रास ग्रहणाआधी सॅन डिएगोच्या प्रेडिक्टिव्ह सायन्स या गटाने प्रभामंडळ कसे दिसेल याचे चित्र प्रसिद्ध करून ठेवले होते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या दिब्येंदु नंदी यांच्या गटानेही स्वतंत्र भाकीत केले होते. मोठे पट्टे कुठे येतील, याची परीक्षा सर्वांदेखत झाली. मला हे धैर्य कोणत्याही प्रक्षेपणाइतके मोलाचे वाटते. या भाकितांत एकेकटे तुरे येऊ शकत नाहीत, कारण त्यांना लागणारी पृष्ठभागाच्या क्षेत्राची माहिती सूर्याच्या सत्तावीस दिवसांच्या फेरीतून गोळा होते, आणि ध्रुवापाशी तर आपली नजर इतकी तिरकी पडते की उभ्या क्षेत्राचा जेमतेम अंश मोजता येतो. पण एकेका तुऱ्याची जागा सांगायची गरजही नाही. वरून दिसणाऱ्या छेदाचा आकार, त्याची रुंदी, दोन तुऱ्यांतले अंतर, उंचीबरोबरचा फाकाव, एवढे सांगितले तरी पुरे.

वेळापत्रक आपल्याला ठाऊक आहे. सोलर ऑर्बायटर 2026 च्या अखेरीस शुक्राजवळून जाईल, तेव्हा त्याच्या कक्षेचा कल 24 अंशांवर जाईल, आणि 2029 मध्ये 33 अंशांवर. मागचा सौर नीचांक डिसेंबर 2019 चा होता. चक्र सरासरीने चालले तर पुढचा 2030 च्या आसपास येईल. म्हणजे यान सर्वांत उंच असेल, त्याच सुमारास ध्रुवांवर तुऱ्यांचा बहर असेल. 25 नोव्हेंबर 2030 ला दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातून खग्रास ग्रहण दिसणार आहे. तेच तुरे तेव्हा बाजूनेही दिसतील. तोवर आपल्या हातात चार-पाच वर्षे आहेत.

भारताकडे या कामाची साधने आहेत. आदित्य-एल1 जानेवारी 2024 पासून आपल्या जागी आहे. त्यावरचा व्हीईएलसी हा करोनाग्राफ बेंगळुरूचा; तो बिंबाच्या कडेपासून त्रिज्येच्या फक्त पाच टक्के अंतरावर पाहायला सुरुवात करतो, जिथे तुरा नुकताच फुलून वर निघालेला असतो. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. तुऱ्यांची मुळे ज्या जाळ्यात असतात ते जाळे ती पाहते. एकाच यानावरून मूळ आणि खोड दोन्ही पाहता येणे ही मोठी सोय आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या कॅल्शियम प्रकाशातल्या सूर्याच्या छायाचित्रांचा साठा आहे, आणि ध्रुवांजवळच्या जाळ्यावरून जुन्या काळातले ध्रुवीय क्षेत्र अजमावण्याचे काम आपल्याच शास्त्रज्ञांनी 2014 साली केले आहे. इस्रोने आदित्यची माहिती जानेवारी 2025 मध्ये सर्वांसाठी खुली केली. सोहो आणि सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीची माहिती तर कितीतरी वर्षांपासून मोफत आहे.

उणीव आहे ती माणसांना या कामावर बसवण्याची. आपल्या विद्यापीठांत पदव्युत्तर भौतिकीचा प्रकल्प म्हणजे पुष्कळदा मागच्या वर्षीच्या प्रकल्पाची फेरमांडणी असते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, काळजीने लिहीत आहे. ध्रुवाच्या टोपीवर संगणकात शे-दोनशे तुरे पेरायचे, प्रत्येकाला फाकण्याचा एक नियम द्यायचा, दृष्टिरेषेवरचा उजेड बेरजेत घ्यायचा आणि निघालेले चित्र खऱ्या चित्राशेजारी ठेवायचे. यासाठी साधा लॅपटॉप पुरतो, आणि गणित एम.एस्सी.च्या मुलीला झेपेल असे आहे. स्तंभ घेऊन एकदा, पडदे घेऊन एकदा, धागे घेऊन एकदा. मग तोच पेरलेला ध्रुव 33 अंशांवरून कसा दिसेल ते काढायचे. जळगाव, नांदेड, कोल्हापूर, गडचिरोली, कुठल्याही विद्यापीठात हे होऊ शकते. आयुकासारख्या संस्थेने उन्हाळ्यात दोन आठवड्यांची शाळा भरवून याची सुरुवात करून दिली, तर पुढची दिशा विद्यार्थीच शोधतील.

मात्र एक अट हवी: निकाल चित्रांच्या आधी छापलेला असला पाहिजे. तुऱ्याचा छेद गोल की लांबट, लांबट असेल तर लांबी रुंदीच्या किती पट, तीन त्रिज्यांवर फाकाव किती, प्रत्येक आकड्यापुढे त्रुटीची मर्यादा, खाली तारीख. सोलर ऑर्बायटरची 24 अंशांवरून घेतलेली पहिली चित्रे यायला लागतील, तोवर अशी पाच-दहा भाकिते मराठी मुलामुलींच्या नावावर नोंदलेली असावीत. त्यातली बहुतेक चुकतील. कोणते चुकले आणि कोणत्या उंचीपासून चुकले, यावरूनच जलद सौरवारा तुऱ्यांतून निघतो की त्यांच्या मधल्या काळोखातून, याचा निकाल पुढे सरकेल.